लांब केसांचा कुत्रा निवडताना: आधी काम पाहा, मग केस

दोन कुत्र्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवा. दोघं पांढरेशुभ्र, दोघांचे केस दाट, दोघांच्या चेहऱ्यावर हसू. एक सायबेरियातला सामोयेड, दुसरा फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या डोंगरातला ग्रेट पिरनीज. फोटो बघून निवड करणाऱ्याला दोघांत फक्त आकाराचा फरक दिसेल. प्रत्यक्षात पहिला घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडेल आणि एकटा ठेवलात तर रडून घर डोक्यावर घेईल. दुसरा रात्रभर कुंपणाला फेऱ्या मारेल, पान सळसळलं तरी भुंकेल आणि तुम्ही हाक मारलीत तर यायचं की नाही हे स्वतः ठरवेल.

यात दोघांचाही दोष नाही. सामोयेडला रेनडिअर पाळणाऱ्या भटक्या लोकांनी वाढवलं. कळप हाकायचा, घसरगाडी ओढायची आणि रात्री तंबूत माणसांना चिकटून झोपायचं, हे त्याचं आयुष्य. पिरनीजला मेंढ्यांबरोबर डोंगरावर एकटं सोडलेलं असे. लांडगा आला तर काय करायचं हे विचारायला मालक जवळ नसे.

केसांच्या लांबीवरून स्वभावाचा अंदाज बांधायला गेलात की फसलात. त्या जातीकडून पिढ्यान्‌पिढ्या कोणतं काम करून घेतलं, त्यावरून मात्र थोडाफार बांधता येतो. केस ठरवतात ते तुमचं रोजचं कष्ट. हे दोन हिशेब वेगवेगळे मांडायचे.

पायरी १: कोटाचा प्रकार ओळखा

कुत्र्याच्या अंगावरच्या केसांना या क्षेत्रातले लोक कोट म्हणतात. लांब कोटाचे ढोबळमानाने तीन प्रकार.

दुहेरी कोटात वर लांब, जरा राठ केस आणि खाली त्वचेलगत मऊ, दाट अंडरकोट असतो. रफ कोली, शेटलंड शीपडॉग, पोमेरेनियन, बर्नीज माउंटन डॉग, न्यूफाउंडलंड, सामोयेड हे सगळे यात आले. वर्षातून एकदोनदा हा अंडरकोट झडतो आणि तेव्हा घरात केसांचे अक्षरशः पुंजके फिरतात. एरवी मात्र आठवड्यातून दोनतीनदा विंचरलं तरी भागतं.

दुसरा प्रकार एकेरी रेशमी कोटाचा. यॉर्कशायर टेरियर आणि माल्टीज ही नेहमीची उदाहरणं. यांचे केस बराच काळ वाढत राहतात आणि कमी गळतात. जो केस गळतो तो जमिनीवर न पडता बाकीच्या केसांत अडकतो, आणि गुंता होतो तो तिथेच. शिह त्झू आणि ल्हासा अप्सो यांचे केसही असेच वाढतात, शिवाय त्यांना अंडरकोटही असतो. म्हणजे दुप्पट काम.

तिसरा प्रकार दोरखंडी: हंगेरीचे कोमोंडोर आणि पुली. यांचा अंडरकोट वरच्या केसांत गुंतून नैसर्गिक जटा तयार होतात. पूर्ण वाढलेला कोमोंडोर उभा राहिला की फरशी पुसायचा मोठा मॉपच समोर आल्यासारखं वाटतं. याला विंचरायचं नसतं. जटा एकमेकींत चिकटून त्यांचे तक्ते होऊ नयेत म्हणून हाताने मुळापर्यंत वेगळ्या करायच्या असतात. अंघोळ घातली तर वाळायला दिवस जातो, आणि नीट वाळला नाही तर कुबट वास येतो. कुतूहल म्हणून ही जात घेणाऱ्यांना मी हात जोडून नको म्हणेन.

इथेच एक गैरसमज काढून टाकू. कमी केस गळतात म्हणजे ॲलर्जी होणार नाही, असं नसतं. ॲलर्जी करणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात; केस ती फक्त वाहून नेतात. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर ज्या कुत्र्याचा विचार आहे त्याच्याबरोबरच काही तास घालवून बघा. जातीच्या नावावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट, खास करून पिल्लू ‘मिश्र’ असेल तर कामाची. २००९ साली सायन्स या नियतकालिकात आलेल्या संशोधनात असं दिसलं की कुत्र्यांच्या कोटातली बहुतेक विविधता फक्त तीन जनुकांच्या अदलाबदलीतून येते. त्यातलं एफजीएफ-५ हे जनुक केसांच्या लांबीचं, आणि लांब केसांचा गुण अप्रभावी आहे, म्हणजे तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. त्यामुळे आईबाप दोघं आखूड केसांचे असूनही पिल्लू लांब केसांचं निघू शकतं.

पायरी २: मूळ काम शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू.

*कळपाचे राखणदार.* ग्रेट पिरनीज, कोमोंडोर, तिबेटी मास्टिफ. ही कुत्री मेंढ्या हाकत नाहीत, त्यांच्यात राहून राखण करतात. कोमोंडोरच्या जटांमुळे लांडग्याचे दात त्वचेपर्यंत पोचणं अवघड होई. तिबेटी मास्टिफ उंचीवरच्या विरळ हवेसाठी घडलेला. त्याच्या ईपीएएस-१ या जनुकात त्या हवेत तग धरण्याचा बदल आहे, आणि तो तिथल्या लांडग्यांकडून आल्याचं संशोधक सांगतात. या गटाचा स्वभाव एका ओळीत: घरच्यांशी शांत, परक्यांविषयी संशयी, रात्री जागा, आज्ञापालनात सवडीचा मामला. शेजारी भिंतीला भिंत लावून राहत असतील तर हा गट इथेच सोडा.

*कळप हाकणारे.* स्कॉटलंडचा रफ कोली आणि बिअर्डेड कोली, शेटलंड बेटांवरचा शेटलंड शीपडॉग, इंग्लंडचा ओल्ड इंग्लिश शीपडॉग, हंगेरीचा पुली. यांना माणसाकडे बघत काम करायची सवय, म्हणून शिकायला फार चटकन. पण हाकायची खोड रक्तात असते. पळणाऱ्या मुलांना गोल घेरणं, टाचेला हळूच तोंड लावणं, सायकलमागे धावणं, हे सगळं तिथून येतं. रागावून ते जात नाही. त्या ऊर्जेला चेंडू, वासाचे खेळ, आज्ञांचे सराव असं दुसरं काम द्यावं लागतं. शेटलंड शीपडॉग आकाराने आटोपशीर, पण तोंडाने नाही. १८६० च्या दशकात राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडमधल्या बालमोरलला राहायला गेली की कोलींवर लुब्ध व्हायची, आणि मेंढपाळाचा हा कुत्रा तिथून बड्या घरांच्या दिवाणखान्यात पोचला. दिवाणखान्यात आला तरी त्याला धावायला माळ लागतोच.

*तिबेटचे मठ आणि चीनचे महाल.* ही कुत्री दिसायला एकमेकांची भावंडं, पण कामं अगदी निरनिराळी. ल्हासा अप्सो मठात आणि बड्यांच्या वाड्यात आतला पहारेकरी होता. दाराबाहेर मास्टिफ, आत हा छोटा, तिखट कानांचा. कुणी परकं आलं की इशारा द्यायचा. ही कुत्री विकली जात नसत, भेट दिली जात. १९३३ साली तेराव्या दलाई लामांनी अमेरिकन प्रवासी सायडम कटिंग यांना एक जोडी दिली आणि तिथून ही जात अमेरिकेत रुजली. आजचा ल्हासाही पाहुण्यांना लगेच जवळ करत नाही. कुणीही उचलून मुके घ्यावेत असा तो नव्हेच.

शिह त्झूची मुळं तिबेटकडे जातात, पण तो घडला चीनच्या राजमहालात, आणि त्याचं काम एकच होतं: सोबत करणं. चीनमधल्या उलथापालथीत ही जात जवळजवळ संपली. आजची सगळी कुत्री अवघ्या १४ कुत्र्यांपासून आली असं मानलं जातं. स्वभावाने मोकळा, अनोळखी माणसाशीही पटकन जमवून घेणारा. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला या गटातून एक नाव सुचवायचं तर मी हेच सुचवेन, केसांची तयारी असेल तर.

पेकिंगीज महालातलाच, पण मानी. १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगचा जुना उन्हाळी राजवाडा लुटला तेव्हा तिथे पाच पेकिंगीज सापडले. त्यातली एक कुत्री राणी व्हिक्टोरियाकडे गेली आणि तिचं नाव ठेवलं ‘लूटी’. नावातच सगळं आलं. पेकिंगीज आणि शिह त्झू दोघांचं नाक चपटं, डोळे बाहेर आलेले. गरमीत धाप लवकर लागते, डोळ्याला जखम चटकन होते, आणि गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरावा लागतो.

*नजरेने शिकार करणारे.* अफगाण हाउंड. लांब केसांच्या कुत्र्यांत याच्याइतका देखणा दुसरा नाही, आणि याच्याइतका चुकीच्या घरात जाणाराही नाही. डोंगराळ मुलखात शिकाऱ्याच्या कितीतरी पुढे धावत, स्वतःच निर्णय घेत हरण, ससा गाठायचा हे त्याचं काम. त्यामुळे काहीतरी पळताना दिसलं की तुमचा आवाज त्याच्या कानात शिरत नाही. मोकळ्या जागेत पट्टा सोडायचा तर कुंपण हवंच. घरात तो शांत, अलिप्त, जवळजवळ मांजरासारखा असतो. त्याच्या पाठीवर मोठेपणी आखूड केसांचा पट्टा आपोआप तयार होतो. पिल्लू मोठं होताना पाठीचे केस जाऊ लागले म्हणून घाबरू नका.

*पाण्यातले आणि बंदुकीबरोबरचे.* गोल्डन रिट्रीव्हरचं मूळ जन्मपत्रिकेसकट उपलब्ध आहे. स्कॉटलंडमधल्या गिसाखन इथे डडली मार्जोरिबँक्स, म्हणजे पुढचे लॉर्ड ट्वीडमाउथ, यांनी १८६८ साली ‘नूस’ नावाच्या पिवळ्या रिट्रीव्हरचा संकर ‘बेल’ या ट्वीड वॉटर स्पॅनियल कुत्रीशी केला. पडलेला पक्षी तोंडात हलकेच धरून मालकाकडे आणायचा, हे काम. त्यातून आजचा स्वभाव आला: माणसाळलेला, लक्ष देणारा, आणि जे दिसेल ते तोंडात धरणारा. चपला उंचावर ठेवायची सवय लावून घ्या.

आयरिश, इंग्लिश आणि गॉर्डन सेटर पक्षी हुंगून जागीच दबून बसायचे. त्याआधी मैलोन्‌मैल रान पालथं घालायचे. प्रेमळ आहेत, पण रोज तासभर तरी धावणं हवं, आणि आयरिश सेटरचा पोरकटपणा जायला बरीच वर्षं लागतात. न्यूफाउंडलंड कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा: जाळी ओढणारा, बोटांमध्ये पडदा असलेला, बुडणाऱ्याकडे आपणहून पोहत जाणारा. मुलांबरोबर अतिशय संयमी. लाळ मात्र भिंतीपर्यंत उडते.

*डोंगरातले कामकरी.* बर्नीज स्वित्झर्लंडच्या शेतांवर गाड्या ओढायचा. स्वभावाला तोड नाही, आयुष्य मात्र सात-आठ वर्षांचं, कर्करोगाचं प्रमाण मोठं. हे आधी माहीत असलेलं बरं. सेंट बर्नार्डची गोष्ट तर केसांचीच आहे. आल्प्समध्ये सुमारे २,४७० मीटर उंचीवरच्या खिंडीत साधूंच्या मठात वाढलेली ही कुत्री मुळात आखूड केसांची. बर्फात वाट चुकलेल्यांना वाचवणारा प्रसिद्ध ‘बॅरी’ त्यातलाच. एकोणिसाव्या शतकात न्यूफाउंडलंडशी संकर झाला तेव्हा लांब केसांची पिल्लं जन्मली, आणि बर्फ त्या केसांना चिकटून गोळे व्हायला लागले. ती कुत्री बचावाच्या कामाला निकामी ठरली आणि मठाने खाली दऱ्याखोऱ्यांत देऊन टाकली. आज आपण ज्याला अस्सल सेंट बर्नार्ड समजतो तो झुबकेदार कुत्रा या मंडळींचा वंशज.

*छोटे.* पोमेरेनियन हा बाल्टिक किनाऱ्याकडच्या, मोठ्या आकाराच्या स्पिट्झ (उभ्या कानांच्या, पाठीवर वळलेल्या शेपटीच्या) कुत्र्यांचा वंशज. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतून छोटा पोमेरेनियन आणला आणि आकार लहान करायची टूम निघाली. अंगाने घटला तरी आपण मोठा कुत्रा आहोत अशाच तोऱ्यात तो राहतो आणि भुंकतो. यॉर्कशायर टेरियर इंग्लंडच्या गिरणीवस्तीत उंदीर मारायला होता. या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा ‘हडर्सफील्ड बेन’ १८६५ ते १८७१ इतकाच जगला. रिबिन बांधली तरी तो टेरियरच, खोदणार आणि भांडणार. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल मात्र खरोखर मांडीवरचा, सगळ्यांशी गोड. त्याचं दुखणं हृदयाच्या झडपेचं, त्याविषयी पुढे.

पायरी ३: आपल्या घराचा हिशेब मांडा

कागद घ्या आणि तीनच प्रश्नांची खरी उत्तरं लिहा. रोज विंचरायला सलग किती मिनिटं देऊ शकता? कुत्रा दिवसाचे किती तास एकटा राहील? वर्षातले किती महिने हवा गरम आणि दमट असते?

रोज अर्धा तास नसेल तर वाढते, जमिनीपर्यंत येणारे केस विसरा, किंवा पहिल्या दिवसापासून केस आखूड कापून ठेवायचे हे मान्य करा. आखूड कापलेला शिह त्झू सुखात असतो. स्पर्धेत उतरायचं नसेल तर लांब झुलीचा हट्ट माणसाचाच. कुत्रा बराच वेळ एकटा राहणार असेल तर सामोयेड, कॅव्हेलियर, गोल्डन नकोत. हवा दमट असेल तर न्यूफाउंडलंड, सेंट बर्नार्ड, तिबेटी मास्टिफ आणि पेकिंगीज ही चारही नावं खोडा. यात मी सवलत देणार नाही. थंड खोलीत डांबून ठेवलेला डोंगरी कुत्रा जगतो, पण त्याला जगणं म्हणवत नाही.

पायरी ४: पिल्लू बघायला जाताना

जात म्हणजे स्वभावाची हमी नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात असं दिसलं की कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे आलेला वाटा सुमारे ९ टक्केच असतो. म्हणून दुसऱ्या पायरीवरून यादी बनवायची, निवड मात्र समोरचा जीव बघून करायची. निदान आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. ती तुमच्या येण्याने बिथरली, लपली किंवा दात दाखवू लागली तर पिल्लू कितीही गोंडस असो, परत फिरा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू तर घेऊच नका.

तोंडी ‘सगळं ठीक आहे’ चालत नाही, कागद मागा. गोल्डन, बर्नीज, न्यूफाउंडलंड यांच्या आईबापांच्या खुब्याचे आणि कोपरांचे एक्स-रे. कॅव्हेलियरच्या आईबापांची हृदयतपासणी. कोलीच्या पिल्लांची डोळ्यांची तपासणी.

कोली, शेटलंड शीपडॉग आणि ओल्ड इंग्लिश शीपडॉग यांच्या बाबतीत आणखी एक. यांच्यात एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असू शकतो. कोलींमध्ये तर तो सुमारे ७० टक्के कुत्र्यांत सापडतो. असा कुत्रा आयव्हरमेक्टिनसारखी काही औषधं मेंदूबाहेर रोखू शकत नाही आणि मोठ्या मात्रेने त्याचा जीव जाऊ शकतो. गालातून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यावर ही चाचणी होते. ती एकदा करून घ्या आणि निकाल डॉक्टरांच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

पायरी ५: कंगव्याची सवय लावा

पिल्लाचे केस मऊ असतात, गुंतत नाहीत, म्हणून लोक विंचरायला उशीर करतात. मग साधारण आठ ते बारा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचा कोट जाऊन मोठ्याचा येतो, आणि त्या काही आठवड्यांत एका रात्रीत गाठी होतात. त्याआधी सवय झालेली नसेल तर कुत्रा कंगवा बघूनच पळतो. घरी आल्यापासून रोज दोन मिनिटं, खाऊ देत, पंजे, कान, शेपटीखाली हात लावत ब्रश फिरवा.

सामान फार लागत नाही: पिन ब्रश (सुट्या, लांब पिनांचा), स्लिकर ब्रश (बारीक, वाकलेल्या तारांचा), जाड-बारीक दातांचा स्टीलचा कंगवा, पाण्याची फवारणीची बाटली. दुहेरी कोटासाठी अंडरकोट रेक, म्हणजे सुटलेला अंडरकोट ओढून काढायचा दातेरी कंगवा.

आता हात कसा चालवायचा ते. कुत्र्याला कुशीवर झोपवा. केसांवर हलकी फवारणी करा. कोरडे केस तुटतात. डाव्या हाताच्या तळव्याने वरचे केस वर दाबून धरा आणि पोटाकडचा बोटभर रुंदीचा पट्टा मोकळा करा. दोन पट्ट्यांमध्ये त्वचेची रेघ दिसली पाहिजे. तो पट्टा ब्रशने मुळापासून टोकापर्यंत खाली घ्या, मग तळव्याखालून पुढचा पट्टा सोडा. असं पोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत चढत जायचं. शेवटी कंगवा लावायचा, कारण ब्रश खोटं बोलतो: वरून झुलपं मोकळी, फुललेली दिसतात आणि खाली त्वचेलगत नमद्यासारखा थर जमलेला असतो. कंगवा जिथे अडेल तिथे काम बाकी आहे.

कानामागे, काखेत, जांघेत, गळ्याच्या पट्ट्याखाली आणि मागच्या मांड्यांवर रोज बोटं फिरवा. गाठ सापडली तर मुळाशी दोन बोटांनी केस घट्ट धरा, म्हणजे त्वचा ओढली जाणार नाही, आणि गाठ टोकाकडून बोटांनी सुटी करत मुळाकडे या. सुटत नसेल तर कात्री लावू नका. गाठीत त्वचा वर ओढलेली असते आणि ती नेमकी पात्यात येते. तिथे क्लिपर, म्हणजे केस कापायचं यंत्र लागतं, आणि हात बसलेला नसेल तर ग्रूमर, म्हणजे कुत्र्यांचे केस करणारा व्यावसायिक.

पायरी ६: अंघोळ, कात्री, उन्हाळा

आधी विंचरा, मग अंघोळ. गाठ भिजली की आवळते. शॅम्पू कुत्र्यांचाच वापरा, केस उलटसुलट चोळू नका, वरून खाली दाबत धुवा. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. अंडरकोट ओला राहिला तर त्वचेवर ओले, लाल चट्टे उठतात, म्हणून ड्रायर कोमट ठेवून त्वचा कोरडी होईपर्यंत वाळवा. कॉकर स्पॅनियल आणि सेटरचे लोंबते कान आतूनही पुसा.

उन्हाळा आला की दुहेरी कोट मुंडण करायची लाट येते. करू नका. वरचे केस ऊन अडवतात. ते गेले की त्वचा भाजते. पोमेरेनियनसारख्यांमध्ये तर केस परत यायला वर्ष जातं, कधी येतच नाहीत. कुत्रा घामाने नाही, मुख्यतः धापा टाकून थंड होतो, तेव्हा सुटलेला अंडरकोट विंचरून काढा, पोटाखालचे आणि जांघेतले केस आखूड करा, फिरणं पहाटे आणि रात्री ठेवा. वाढत्या केसांच्या जातींना मात्र आखूड कटिंग बिनधास्त करा. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल, चालताना झोक जातोय, असं दिसलं तर लगेच गार पाणी अंगावर ओतत पंख्याखाली घ्या आणि दवाखान्याकडे निघा. शरीराचं तापमान ४१ अंशांवर गेलं की एकेक मिनिट मोलाचं.

नसबंदीनंतर सेटर आणि स्पॅनियल यांचे केस पुष्कळदा लोकरीसारखे भुरभुरीत होतात, तेव्हा जुना ब्रश चालेनासा होतो, स्लिकर घ्या. म्हातारपणी कुत्र्याला फार वेळ उभं राहवत नाही, मग एकाच दिवशी सगळं अंग न करता आज पाय, उद्या पाठ असं वाटून घ्या, आणि विंचरताना हाताला नवीन गाठ लागते का याकडे लक्ष ठेवा. पंजांच्या गाद्यांमधले केस मात्र कोणत्याही वयात दर महिन्याला काढा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरण्यामागे पुष्कळदा तेच असतात.